नॉटपेड

३ मे १९७८ रोजी आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकच पत्र मिळालं. आर्पानेट म्हणजे इंटरनेटचं बाळरूप: अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारं, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना जोडणारं जाळं. पत्र पाठवणारा गॅरी थुर्क हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीत मार्केटिंगला होता. आमचं नवं मशीन बघायला लॉस एंजेलिसला किंवा सॅन मटेओला या, एवढंच आमंत्रण होतं. नेटवरच्या लोकांची तेव्हा छापील डिरेक्टरी निघायची. तीत बघून पश्चिम किनाऱ्यावरचे पत्ते टाइप केले होते. ते इतके झाले की मेलच्या प्रोग्रामात पत्त्यांसाठी ठेवलेल्या जागेत मावेनात आणि उरलेले खाली मजकुरात सांडले. त्यामुळे जगातली पहिली स्पॅम मेल उघडल्यावर आधी नावांची लांबच लांब यादी दिसायची आणि मग जाहिरात. लग्नपत्रिकेत नवरा-नवरी सापडेपर्यंत घरादाराची नावं वाचावी लागतात, तसं.

बोंबाबोंब झाली. संरक्षण खात्यातल्या एका मेजरने हा नियमांचा उघड भंग आहे असं ठणकावून कळवलं. त्या वादात रिचर्ड स्टॉलमनही होता (पुढे फ्री सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारा तोच). त्याला ते पत्र आलेलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला त्याचा सूर असा की यात एवढं काय बिघडलं. उद्या नेटवर कुणी डेटिंगची सेवा काढली तर मला जरूर कळवा. मग कुणीतरी मूळ पत्र त्याला पाठवलं. ती यादी बघून गडी फिरला: विषय काहीही असो, एवढं लांब हेडर असलेलं पत्र पाठवायची परवानगी कुणालाच असता कामा नये. थुर्क मात्र या एका पत्राने आपण कोट्यवधी डॉलरची मशीनं विकली असं पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिला.

स्टॉलमनचा शेरा गमतीचा आहे, पण बोट नेमक्या जागी आहे. स्पॅम कशाला म्हणायचं? मजकूर वाईट आहे म्हणून, की तो पाठवण्याची रीत वाईट आहे म्हणून? पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत स्पॅम आवरायचे जे सरकारी प्रयत्न झाले, त्यातले काही याच प्रश्नावर अडखळून पडले. त्यातला एक आपल्याकडे, पालघरला येऊन पोचतो. तिकडे जाऊच. आधी पैशांचं बघू.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना 'नॉटपेड' म्हणजे काय ते विचारा. तिकीट न लावता पेटीत टाकलेलं पत्र. पोस्टमन ते दारात आणायचा आणि तिकिटाच्या दुप्पट पैसे मागायचा. घेणाऱ्यापुढे दोन वाटा: पैसे मोजा, नाहीतर पत्र परत पाठवा. एरवी टपालाचा खर्च लिहिणाऱ्याचा. संतोषीमातेच्या नावाने 'हे पत्र इतक्या जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल' अशी पोस्टकार्डं यायची, तीही पाठवणाऱ्याला स्वतः विकत घ्यावी लागायची आणि हाताने लिहावी लागायची. भक्तीलाही टपालखर्च होता. त्यामुळे असली कार्डं वर्षातून एखाददुसरी यायची, दिवसाला चाळीस नाही.

ईमेल हे कायमचं नॉटपेड पत्र आहे, आणि परत पाठवायची सोयही त्यात धड नाही. एक मेल पाठवायला जो खर्च येतो, त्यापेक्षा फारसा जास्त खर्च दहा लाख पाठवायला येत नाही. साठवायची जागा, गाळायची यंत्रणा, वाचून कचऱ्यात टाकायला लागणारे दोन सेकंद, हे सगळं घेणाऱ्याच्या माथी.

आम्हाला इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरात एसएमटीपी चार मार्कांना यायचं. आकृती काढा, बाण दाखवा, झालं. जॉन पोस्टेलने ऑगस्ट १९८२मध्ये लिहिलेला हा मेल पोचवण्याचा नियम. त्याच्या नावातच 'सिंपल' आहे आणि तो खरोखरच सोपा आहे. पाठवणारं मशीन म्हणतं, नमस्कार, मी अमुक. मग: पत्र यांच्याकडून. मग: पत्र यांच्यासाठी. मग: हा घ्या मजकूर. यातल्या 'यांच्याकडून'च्या पुढे काय लिहायचं ते पाठवणारा ठरवतो. तिथे मी पंतप्रधानांचा पत्ता लिहिला तरी मूळ नियमात त्याची शहानिशा करणारं काही नाही. पोस्टेल भाबडा होता असं मात्र म्हणता येणार नाही. त्यानेच नोव्हेंबर १९७५मध्ये, म्हणजे थुर्कच्या पत्राच्या अडीच वर्षं आधी, नको असलेल्या टपालाबद्दल पानभर टिपण लिहून ठेवलं होतं: एखादं मशीन नको ती पत्रं पाठवत सुटलं तर ती नाकारण्याची सोय आपल्याकडे नाही, आणि असायला हवी. पण तेव्हाचं नेट हे चाळीसारखं होतं. सगळे ओळखीचे, दाराला कडी कोण लावतंय?

कडीची गरज १९९४ला कळली. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील नवरा-बायकोने यूझनेटवर एक जाहिरात सोडली. यूझनेट म्हणजे विषयवार चावड्या, हजारोंनी. छोटासा प्रोग्राम वापरून त्यांनी पाच हजारांहून जास्त चावड्यांवर तोच मजकूर टाकला: अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीचा अर्ज आम्ही पैसे घेऊन भरून देतो. (भारतात जन्मलेल्यांना ती लॉटरी तेव्हाही लागू नव्हती, आजही नाही.) माणूस बुद्धिबळाच्या चावडीवर जावो की बागकामाच्या, समोर ग्रीन कार्ड. संतापलेल्या लोकांनी उलट एवढ्या मेल पाठवल्या की त्यांना नेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रणाच कोलमडली आणि कंपनीने त्यांचं खातं बंद केलं. नवरा-बायकोने काय केलं? इंटरनेटवर पैसा कसा कमवावा यावर पुस्तक लिहिलं. १९९७मध्ये टेनेसी राज्याने कँटरची वकिलीची सनद काढून घेतली.

'स्पॅम' हा शब्द याच काळात रुळला. मुळात ते १९३७पासून अमेरिकेत मिळणाऱ्या डबाबंद मांसाचं नाव. १९७०च्या माँटी पायथनच्या एका विनोदी प्रवेशात हॉटेलातल्या जवळपास प्रत्येक पदार्थात तेच असतं आणि बाईंना काहीही करून ते नको असतं.

त्यानंतर लोकांनी आपापल्या कड्या लावल्या. अमेरिकेत पॉल व्हिक्सीने स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची काळी यादी चालवली. १९९८मध्ये लंडनहून स्टीव्ह लिनफर्डने स्पॅमहाउस सुरू केलं. मेल सर्व्हर चालवणाऱ्याने यादी बघायची आणि त्यावरच्यांना दारातून हाकलायचं. हे सरळसरळ खाजगी न्यायदान होतं. एका मार्केटिंग कंपनीने स्पॅमहाउसवर शिकागोत दावा लावला आणि २००६मध्ये कोर्टाने १ कोटी १७ लाख डॉलर भरपाईचा एकतर्फी हुकूमही दिला. अपिलात घासाघीस होत होत २०११मध्ये ती रक्कम ३ डॉलरवर आली. या सगळ्या इतिहासातला माझा सर्वांत आवडता आकडा हाच.

कायदे यायला २००२-०३ उजाडलं, आणि तिथे दोन तट पडले. युरोपने २००२च्या निर्देशात ठरवलं की माणसाने आधी हो म्हटलं तरच त्याला जाहिरातीची मेल पाठवायची. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २००३मध्ये तसाच कडक कायदा केला. तो १ जानेवारी २००४पासून लागू व्हायचा होता. पण १६ डिसेंबर २००३ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी केंद्राच्या कॅन-स्पॅम कायद्यावर सही केली, आणि त्यात राज्यांचे बहुतेक कायदे निष्प्रभ करण्याचं कलम होतं. कॅलिफोर्नियाचा कायदा जन्माआधीच गेला. केंद्राचा नियम उलटा होता: पहिली मेल न विचारता पाठवा, फक्त खोटं नाव लावू नका, विषयात फसवू नका, टपालाचा खरा पत्ता द्या, आणि कुणी नको म्हटलं तर कामाचे १० दिवस संपायच्या आत थांबा. तुमच्या प्रत्येक जाहिरातीच्या मेलखाली बारीक अक्षरात जे अनसबस्क्राइब आणि कुठल्या तरी इमारतीचा पत्ता असतो, त्याचं एक मूळ इथे आहे. टीकाकारांनी या कायद्याचं नाव शब्दशः घेतलं: स्पॅम करता येईल.

फोनसाठी 'मला कॉल करू नका' अशी राष्ट्रीय यादी अमेरिकेत नुकतीच यशस्वी झाली होती. तशीच ईमेलची का नको, असं त्या कायद्यातच विचारलं होतं. त्यांच्या व्यापार आयोगाने जून २००४मध्ये उत्तर दिलं: अशी यादी केली तर ती चालू पत्त्यांची आयती यादी म्हणून स्पॅमवाल्यांच्याच हाती पडेल. फोन करणाऱ्या कंपनीला शोधता येतं. मेल पाठवणारा कोण हेच जिथे कळत नाही तिथे यादी पाळणार कोण? सगळं अडतं ते १९८२च्या त्या 'यांच्याकडून'वर.

मग खोटं 'यांच्याकडून' लिहिणं हाच गुन्हा ठरवला तर? व्हर्जिनिया राज्याने ते केलं होतं. जेरेमी जेन्स या बड्या स्पॅमवाल्याला २००४मध्ये तिथल्या ज्युरीने दोषी ठरवलं आणि त्याला ९ वर्षांची शिक्षा झाली. २००८मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. कारण त्यात जाहिरात हा शब्दच नव्हता. राजकीय किंवा धार्मिक पत्रक कुणी निनावी पाठवलं तर तोही गुन्हेगार ठरला असता, आणि निनावी बोलण्याचं स्वातंत्र्य अमेरिकेची राज्यघटना देते. जेन्स सुटला. तो काय विकत होता हे बघता मला वाईट वाटतं, पण निकाल चुकीचा म्हणवत नाही.

असं का, ते आपल्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याकडे बघून कळतं. भारतात ईमेल स्पॅमसाठी वेगळा कायदा कधीच झाला नाही. २००८च्या दुरुस्तीने आलेलं आणि ऑक्टोबर २००९पासून लागू झालेलं कलम ६६अ तेवढं त्याच्या सर्वांत जवळ जात होतं. त्याचा 'क' भाग वाचला तर तो स्पॅमसाठीच लिहिल्यासारखा वाटतो: त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेली, किंवा ती कुणाकडून आली याबद्दल फसवणारी ईमेल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण 'त्रास' म्हणजे काय, कुणाला, किती, याची व्याख्या नाही. एकाच माणसाला पाठवलेली एक मेल आणि दहा लाखांना पाठवलेली एक मेल, कलमाला दोन्ही सारख्याच.

१७ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६अ होतं. पुढे ती केस मागे पडली, पण श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ संपूर्ण रद्द केलं, 'क' भागासकट. त्या साडेपाच वर्षांत या कलमाखाली गाजलेल्या अटका आठवून बघा. व्यंगचित्र पाठवणारे, ट्वीट करणारे आठवतात. तुमच्या-माझ्या इनबॉक्समध्ये लॉटरी लावणारा एकही आठवत नाही. रद्द झाल्यावरही पोलीस ते वापरतच राहिले. ऑक्टोबर २०२२मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाला सांगावं लागलं की या कलमाखालचे खटले बंद करा.

'त्रास' हा मजकुराचा गुण धरला की कायदा बोलणाऱ्याच्या मानेवर जातो. व्हर्जिनियात न्यायालयाने हे कल्पनेने ओळखलं, आपल्याकडे ते दोन मुलींनी अंगावर काढलं.

आपल्याकडे फोनच्या बाबतीत याहून शहाणपणाने काम झालंय. १९०९ला कळवायचं की जाहिराती नकोत. २०१८च्या ट्रायच्या नियमांनुसार धंद्याचा एसएमएस पाठवणाऱ्याला नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. कॉल थांबलेत असं म्हणायचं धाडस मी करणार नाही, पण प्रश्न तरी बरोबर विचारलाय: तू कोण आणि तुला हो म्हटलं होतं का? हे नियम कॉल आणि एसएमएसपुरतेच आहेत. ईमेल त्यात येत नाही.

एवढं होऊन स्पॅम परवडतं कसं? २००८मध्ये बर्कली आणि सॅन डिएगोच्या संशोधकांनी एक भन्नाट प्रयोग केला. स्टॉर्म नावाचं बॉटनेट होतं, म्हणजे लोकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या हजारो घरगुती कॉम्प्युटरांची फौज. त्यात शिरून संशोधकांनी औषधांच्या स्पॅममधल्या लिंक बदलून आपल्या नकली दुकानाकडे वळवल्या (कार्डाचे तपशील न घेता). २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी मेल. गिऱ्हाइकं २८. त्यातली २७ पुरुषी ताकदीच्या औषधांची. सव्वा कोटी मेलमागे एक विक्री, आणि तरी धंदा चालतो, कारण उरलेल्या सव्वा कोटींचा खर्च दुसरे भरतात. जस्टिन राव आणि डेव्हिड रायली या अर्थतज्ज्ञांनी २०१२मध्ये याचा हिशोब मांडला: स्पॅमवाले वर्षाला साधारण २० कोटी डॉलर मिळवतात आणि त्यासाठी एकट्या अमेरिकेवर सुमारे २००० कोटी डॉलरचा बोजा पडतो. रुपया चोरायला शंभर रुपयांचं कुलूप फोडायचं, असा हा व्यवहार.

त्याच सॅन डिएगोच्या गटाने २०११मध्ये मेलमधल्या लिंकांवरून प्रत्यक्ष खरेदी केली आणि पैसा कुठे जातो ते शोधलं. औषधांची बरीच पाकिटं भारतातून आली. पण महत्त्वाची गोष्ट वेगळी होती: कोट्यवधी मेल, हजारो वेबसाइट, आणि ९५ टक्के मालाचे पैसे मोजक्या दोन-तीन बँकांतून जात होते. त्याआधी नोव्हेंबर २००८मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या एका होस्टिंग कंपनीचं नेट तोडल्यावर जगभरातलं स्पॅम रातोरात दोनतृतीयांशांच्या आसपास घटलं होतं, काही महिन्यांत ते परत भरून आलं. सर्व्हर दुसरा मिळतो. कार्डाचे पैसे घेणारी बँक सहज मिळत नाही. पुढे ब्रँडवाल्यांनी कार्ड कंपन्यांमार्फत त्या बँकांवर दबाव आणला, तेव्हा धंद्याला खरा चटका बसला.

तिकीटच लावायचं, हा उपाय कुणाला सुचला नाही असं नाही. १९९२मध्येच सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी सुचवलं होतं की प्रत्येक मेलसोबत पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरने एक छोटं कोडं सोडवून द्यावं. एका पत्राला हे जाणवणारही नाही, दहा लाखांना मशीन घाम गाळेल. १९९७मध्ये ॲडम बॅकने त्याच धर्तीवर हॅशकॅश केलं. बिल गेट्सही जानेवारी २००४मध्ये असल्या उपायांच्या भरवशावर दावोसला म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. मेलला हे तिकीट काही चिकटलं नाही. दुसऱ्याचे कॉम्प्युटर फुकट वापरणाऱ्या बॉटनेटवाल्याला घामाचं काय? पण २००८मध्ये सातोशी नाकामोतोने हॅशकॅशची कल्पना उचलून बिटकॉइनला लावली. आणि २०१८पासून 'तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचा व्हिडिओ काढलाय' अशा धमकीच्या मेल जगभर फिरू लागल्या, त्या पैसे मागतात बिटकॉइनमध्ये. स्पॅमविरुद्ध शोधलेलं तिकीट आता स्पॅमवाल्याची खंडणी आहे.

आज जगातली जवळपास निम्मी मेल स्पॅम असते, एके काळी हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात होतं. तरी तुम्हाला त्यातली फारशी दिसत नाही. पॉल ग्रॅहमने २००२मध्ये शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखायची रीत सोप्या भाषेत लिहिली, ती फिल्टरांनी उचलली, पुढे मशीन लर्निंग आलं. आणि 'यांच्याकडून'ची जुनी भोकं बुजवली गेली. एसपीएफ म्हणजे माझ्या नावाने कुठली मशीनं मेल पाठवू शकतात याची जाहीर यादी. डीकिम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर. डीमार्क म्हणजे यातलं काही जुळलं नाही तर पाकिटाचं काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने हे सक्तीचं केलं: जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवत असाल तर तिन्ही हवेत, एका क्लिकमध्ये बाहेर पडता यायला हवं, आणि 'स्पॅम' म्हणून तक्रार करणारे ०.३ टक्क्यांच्या आत हवेत. मजकुराबद्दल या नियमांत जवळपास काही नाही. तू खरा कोण, तुला नको म्हणता येतं का, लोक वैतागलेत का. स्टॉलमनच्या प्रश्नाचं मी वाचलेलं हे सर्वांत बरं उत्तर, आणि ते कुठल्याही संसदेने दिलेलं नाही. ते उद्या बदललं तर विचारायलाही कुणी नाही.

त्याची झळ कुणाला लागते तेही बघतोय. मी एका तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट फावल्या वेळात सांभाळतो. स्वस्तातला सर्व्हर घेतला, एसपीएफ, डीकिम, डीमार्क सगळं लावलं, आणि वार्षिक सभेची नोटीस २१० सभासदांना पाठवली. बहुतेकांच्या ती स्पॅममध्ये गेली. आम्हाला मिळालेला आयपी पत्ता आधी कुणाकडे तरी होता आणि त्या भाडेकरूने काय उद्योग केले कोण जाणे. पत्ता काळ्या यादीत होता. यादीतून नाव काढायचा अर्ज केला. मोठ्या मेल कंपनीचा फॉर्म भरला, त्यावर यंत्राचं उत्तर आलं की आपण पात्र नाही, आणि कारण सांगता येणार नाही. सभेला गणपूर्ती लागते. कार्यवाह काका म्हणाले, राहू दे रे, आणि पोस्टातून २१० कार्डं आणली. पन्नास पैशाला एक.